पुढे चाल आणि बोल

बाई, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मी प्रयत्न करून पाहिला. तुमच्या तेराव्याला एकेक जण उठून तुमच्याबद्दल बोलत होता, कुणी डोळे पुसत होतं, आणि मी शेवटच्या रांगेत बसून मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. तुम्हाला जाऊन अजून महिनासुद्धा झाला नाही. इतक्यात माझा राग शांत होईल अशी अपेक्षा ठेवू नका. इतकी वर्षं मी एकच प्रश्न विचारत आले आणि त्याचं उत्तर न देता तुम्ही निघून गेलात. ह्याला काय म्हणायचं?

प्रश्न तुम्हाला पाठ आहे. टेंभी नाक्याजवळच्या आमच्या छोट्याशा संग्रहालयात तुम्ही आम्हाला शिकवायला यायला लागलात, तेव्हापासून मी तो विचारते आहे. बाई, तुम्ही मला वस्तू उचलू का देत नाही?

नवऱ्याला मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो हसत सुटला. "ओझं उचलायला मिळत नाही म्हणून रडणारी तू पहिलीच गं," म्हणाला. त्याला कसं समजावणार? आमच्याकडे कोणाच्या हातात काय देतात ह्यावर त्याची पत ठरते. तिकीट फाडणारे, पंखे पुसणारे, फोन घेणारे वेगळे, आणि ज्याच्या हातात जुनी वस्तू विश्वासाने दिली जाते तो वेगळा. मी कळव्याची, कॉमर्स केलेली, तिकिटाच्या टेबलामागे बसायला म्हणून लागलेली. तुम्ही मुंबईच्या मोठ्या संग्रहालयातून निवृत्त झालेल्या, उभं आयुष्य जुन्या वस्तू जपण्यात घालवलेल्या. तुम्हीच मला त्या टेबलामागून उठवून आत स्टोअरमध्ये नेलंत. "ही मुलगी बघते. हिला मी शिकवणार," असं आमच्या चेअरमनना तोंडावर सांगितलंत. ते म्हणाले, तिच्याकडे ह्या विषयातली पदवी नाही. तुम्ही म्हणालात, "मग माझ्याकडे यायला वेळ नाही." त्या दिवशी मला तुमच्या पाया पडावंसं वाटलं होतं. पडले नाही ते बरं झालं, कारण दुसऱ्याच मिनिटाला तुम्ही माझ्या हातातल्या बांगड्यांवरून सगळ्यांसमोर मला फाडून खाल्लंत.

काय ती तुमची शिकवण्याची तऱ्हा! नमनाला घडाभर तेल कशाला म्हणतात ते मला तुमच्याकडे कळलं. पहिले कित्येक दिवस हात पाठीमागे बांधून नुसतं फिरायचं. बघायचं आणि दिसतं ते सांगायचं. 'माठ आहे' म्हटलं की तुम्ही म्हणायचात, "ते मला दारातून कळलं. काय दिसतं?" 'तडा दिसतो' म्हटलं की, "कुठून निघतो, कुठे थांबतो?" असं करत करत डोळे दुखायला लागले की मग उचलण्याचे नियम. काठाला धरायचं नाही, कानाला धरायचं नाही. एक हात बुडाखाली, एक पोटाला. अंगठ्या, घड्याळ, बांगड्या काढून ठेवायच्या. उचलण्याआधी वस्तू कुठे ठेवणार ते मोठ्याने बोलायचं, कारण एकदा उचलली की जागा शोधायला हात मोकळे नसतात. आणि सगळ्यात शेवटचा नियम, वस्तू नेणारा एकटा नसतो. त्याच्यापुढे एक जण रिकाम्या हाताने चालतो. तो दारं उघडतो, वाटेतली स्टुलं सारतो आणि बोलत राहतो. पायरी. उंबरा. डावीकडे कपाट. इथे वळायचंय.

तो पुढे चालणारा म्हणजे मी. कायम मी.

बांगड्यांवरून आमच्या घरी काय रामायण झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, कारण ते मिटवायला तुम्ही स्वतः कळव्याला आला होतात. मी मोकळ्या हातांनी कामावरून घरी आले की सासूबाईंचा पारा चढायचा. सवाष्णीने हात असे ठेवू नयेत. तुम्ही आलात, थालीपीठ खाल्लंत, अजून एक मागून घेतलंत आणि मग म्हणालात, "तुमची सून वस्तूंना इतकी जपते, की त्यांना बांगडीसुद्धा लागू देत नाही."

सासूबाई म्हणाल्या, "हो का? मग माझ्या कपबश्या कशा फुटतात हिच्या हातून?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी खाली बघितलं. "घरी पुढे कोणी चालत नसेल तिच्या," तुम्ही म्हणालात, आणि दोघी जणी माझ्यावर इतक्या हसलात, की त्या दिवसापासून घरात बांगड्यांचा विषय निघाला नाही. मला तेव्हाही रागच आला होता. आता आठवलं की हसू येतं.

माझ्यानंतर निलेश पाटील आला. त्याच्या घरच्यांची एके काळी खाडीकडे मिठागरं होती, आता तिथे टॉवर आहेत. त्याच्या आजोबांनी मिठागरावरच्या वस्तू आम्हाला दिल्या आणि वस्तूंच्या मागोमाग 'घरात बसून काय करू' म्हणत निलेशही आला. गळ्यात जाड चेन, खाली उभी गाडी. चेन तुम्ही पहिल्याच दिवशी उतरवलीत आणि थोड्याच दिवसांत त्याच्या हातात मीठ ओढायची लाकडी फावडी दिलीत, टोपल्या दिल्यात, कंदील दिलात. पुढे मी. "पायरी. उंबरा." एसटीचा कंडक्टर बरा, निदान त्याच्या खांद्याला बॅग तरी असते.

आणि मग तो माठ. पाटलांचा माठ. मिठागरावरच्या खोपटात पिण्याच्या पाण्यासाठी ठेवलेला, दोन्ही हातांनी कवेत घ्यावा लागेल एवढा मोठा. वर्षानुवर्षं खाऱ्या हवेत उभा राहून त्याच्या मातीत मीठ मुरलंय. ते मीठ आतून फुलतं आणि वरचा पापुद्रा सुटतो. नुसतं बोट लागलं तरी साल निघते. आमच्याकडची सगळ्यात साधी वस्तू आणि सगळ्यात नाजूक. निलेशला बाकी सगळं मिळायचं, पण माठ तुम्ही त्यालाही दिला नाहीत. माठ तुमचा.

गोकुळाष्टमीला तर ह्या नाटकाचा मोठा प्रयोग असायचा. दुसऱ्या दिवशी दहीहंडीला आमच्या रस्त्यावर जो आवाज चालतो त्याने समोरच्या खोलीतल्या काचा थरथरतात आणि माठ उभ्या उभ्या साल सोडतो. म्हणून आदल्या दिवशी तुमचा हुकूम. समोरच्या खोलीतली सगळी मातीची भांडी चार पायऱ्या उतरून मागच्या खोलीत न्यायची, जमिनीवर गाद्या टाकून त्यावर ठेवायची, आणि हंडी झाली की परत वर. अख्खा नाका मडकं वर चढवायच्या तयारीत आणि आम्ही सगळी मडकी खाली उतरवतोय. निलेश म्हणायचा, "बाई, आपला उलटा गोविंदा." तुमचा उपास असायचा, गुडघ्यांचा आवाज पायरीपायरीला ऐकू यायचा, वय सत्तरीच्या पुढे, तरी माठ तुम्हीच उचलणार. आणि माठाच्या पुढे मी.

एकदा निलेशला माझी दया आली. "आज मी चालतो पुढे. शीतलला बसू द्या जरा," म्हणाला. तुम्ही माठावर ठेवलेले हात काढून घेतलेत. "शीतल पुढे नसेल तर माठ आज राहू दे." एवढं बोलून बाजूला जाऊन उभ्या राहिलात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे दुसऱ्या कुणाला पुढे चालायची सुद्धा सोय नाही, ती हमाली माझ्याच नावावर कोरलेली!

गेल्या वर्षी मी हट्टालाच पेटले. काम संपलं होतं, तुम्ही मागच्या पायऱ्यांवर बसून राजगिऱ्याचा लाडू खात होतात. मी समोर जाऊन उभी राहिले.

"बाई, आज सांगाच. माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?"

"लाडू घे."

"लाडू नको. उत्तर द्या."

"कळेल."

"कधी कळेल?"

"उचलशील तेव्हा."

"अहो, पण तुम्ही उचलूच देत नाही!"

तुम्ही पदरावर पडलेला राजगिरा गोळा केलात, तोंडात टाकलात आणि म्हणालात, "हात धुऊन ये. गाद्या मोजायच्या राहिल्यात." बाई, शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. तुम्ही तर शब्दसुद्धा खर्च केला नाहीत.

तुमचं हे सगळं कुठेतरी टिपून ठेवावं म्हणून मी किती मागे लागले. लिहून द्या म्हटलं, नाही. मग एकदा मोबाइल घेऊन तुमच्या मागे फिरले, तुम्ही निलेशला कंदील कसा धरायचा ते दाखवत होतात. तुमच्या लक्षात आलं आणि तुम्ही सरळ पाठ फिरवलीत. मी ह्या बाजूला गेले की तुम्ही त्या बाजूला. "बंद कर ते. व्हिडिओ बघून कोणी पोहायला शिकलंय का?" तेवढाच व्हिडिओ आहे माझ्याकडे. त्यात तुमची पाठ, अंबाडा आणि चिडलेला आवाज. तुमच्या भाच्याने परवा विचारलं, मावशीचं काही रेकॉर्डिंग आहे का. मी म्हटलं, आहे, पण तोंड नाही त्यात.

ज्या सकाळी तुम्ही गेल्याचा भाच्याचा फोन आला त्या सकाळी मी आणि निलेश त्याच्या गाडीने डोंबिवलीला पोचलो. तुम्ही चहा टाकून खुर्चीत बसलात त्या बसलातच, असं भाचा सांगत होता. पुण्याहून तो नुकताच आला होता, त्याचं तोंड उतरलेलं. तुमची ती तिसऱ्या मजल्यावरची खोली, लिफ्ट नसलेली इमारत, अरुंद जिना. तुम्हाला जमिनीवर ठेवलं होतं. मी आत शिरले आणि काय करत्ये हे कळायच्या आत हातातल्या बांगड्या काढून पर्समध्ये टाकल्या. सवय, दुसरं काय. शेजारच्या काकू माझ्याकडे डोळे फाडून बघायला लागल्या.

"अहो, तुम्ही कशाला काढताय? तुमचे मिस्टर बरे आहेत ना?"

"बरे आहेत," मी म्हटलं. "ऑफिसला गेलेत."

खाली तिरडी बांधून तयार होती. तुम्हाला चादरीतून खाली न्यायचं होतं. तुमचा भाचा आणि इमारतीतले तिघे जण चादरीचे कोपरे धरून वाकले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा! कुठे ठेवणार ते आधी बोला."

सगळे थांबले. एक आजोबा म्हणाले, "कुठे म्हणजे काय? खाली!"

"खाली कुठे? डोकं कुठल्या बाजूला? जिन्यात वळताना कोण पुढे?"

भाचा माझ्यावर चिडणार होता, त्याचा हक्कच होता. पण तेवढ्यात निलेश पुढे झाला. "दादा, कोपऱ्याला नका धरू. काठाला धरलं की सुटतं. खालून हात घाला, असे." आणि त्याने तुमच्या पाठीखाली हात घालून दाखवलं, जसं तुम्ही त्याला दाखवलं होतंत. मग तो माझ्याकडे वळला. "शीतल, तू हो पुढे."

मागून काकूंची कुजबुज ऐकू आली. "कोण हो ह्या?" कोणीतरी म्हणालं, "कामावरच्या."

मी पुढे झाले. तुमच्याकडे तोंड करून उलटी जिना उतरत गेले. पायरी. पायरी. इथे कठडा आहे, उजवा खांदा सांभाळा. वळण आहे, डोक्याकडचे थांबा, पायाकडचे या. कोणाची तरी चप्पल पडली होती, ती पायाने सारली. पहिला मजला आला आणि माझा आवाज बंद झाला. रडू फुटलं असं नाही, नुसता आवाजच येईना. वरचे चौघे जिथे होते तिथे थिजले. त्यांना पुढचं काही दिसत नव्हतं, मधे तुम्ही होतात. कोणी पाऊल टाकेना.

"शीतल," निलेश वरून म्हणाला, "बोल ना."

मी बोलले. पायरी. पायरी. शेवटची. आता सपाट आहे.

तेरावं झालं आणि चेअरमननी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नाही, तुम्हाला माहीत आहे. घाईत असतो. "बाई गेल्या, फार वाईट झालं," ते म्हणाले. "पण आता ट्रेनिंगचं जरा प्रॅक्टिकल बघू. एक छान व्हिडिओ करून टाकू. घरबसल्या बघायचा, प्रश्नांची उत्तरं द्यायची, सर्टिफिकेट. कल्याणचे लोक घेतील, डोंबिवलीचे घेतील. इतके दिवस एका माठाभोवती कोण फिरणार?"

उंटावरून शेळ्या हाकायचा प्रकार. मी म्हटलं, असं होत नाही सर. हाताने करावं लागतं.

"मग करा तुम्ही. नवीन बॅच आलीच आहे. अष्टमीचं काम नीट पार पाडा, मग पुढचं तुमच्याकडे. नाही जमलं तर व्हिडिओ." आणि मग त्यांनी सहज, अगदी सहज विचारलं, "तुम्ही स्वतः तो माठ उचललाय ना कधी?"

बाई, काय सांगणार होते मी? नाही म्हटलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. बाहेर आले तेव्हा मला तुमचा इतका संताप आला होता. सगळं आयुष्य ह्या शिकवण्यात घालवलंत आणि ते पुढे न्यायची वेळ आली तेव्हा जिच्या हातात द्यायचं तिचे हात तुम्ही रिकामेच ठेवलेत. उचलण्याआधी जागा बोला, हे आम्हाला शिकवलंत. तुमचं काम कुठे ठेवणार ते तुम्ही कधी बोललात?

तरी बॅच घेतली. घेणार नाही तर काय? चौघं आहेत. त्यातली अश्विनी म्हणजे माझ्या पापाचं फळ. कल्याणची आहे, ह्या विषयातला डिप्लोमा केलाय, आणि प्रत्येक गोष्टीला 'का?' हात पाठीमागे का? रोज तोच माठ का बघायचा? मी तुमच्यासारखं गप्प राहून बघितलं, तर ती म्हणाली, "मॅडम, उत्तर माहीत नसेल तर तसं सांगा, चालेल." तुम्ही असतात तर मजा बघितली असती.

पण ती बघते, बाई. पुढे चालायचा सराव करताना बाकीचे तिघं 'जपून, जपून' म्हणत राहिले. तुमचं डोकं फिरलं असतं. जपून म्हणजे काय, कुठे जपून ते सांग! अश्विनी पहिल्याच दिवशी म्हणाली, "उंबरा. उजव्या पायाशी. ह्या बाजूला थोडा उंच आहे." इतकी वर्षं त्या उंबऱ्यावरून गेले, तो एका बाजूला उंच आहे हे मलाही शब्दांत सांगता आलं नव्हतं.

अष्टमी आली. राजगिऱ्याचे लाडू मी आणले, तुमच्यासारखे झाले नव्हते. सकाळपासून लहान भांडी खाली गेली. पणत्या, घागरी, एक फुटकं कुंडं. दुपारनंतर उरला फक्त माठ. मी निलेशला म्हटलं, तू उचल.

त्याने दोन्ही हात वर केले. "मना नको. आजीचा माठ हाय तो. माझ्या हातनं काय झालं तं आजी सपनात येऊन शिव्या घालील. तू उचल. मी खाली गाद्या बघतो." आणि गेला निघून.

मी बांगड्या काढल्या. घड्याळ काढलं. मंगळसूत्र पदरात खोचलं. मोठ्याने बोलले, "मागची खोली, खिडकीपासून लांब, मधली गादी." खोलीत चौघं उभी होती. मी विचार न करताच म्हटलं, "अश्विनी, तू पुढे."

तिचा चेहरा पडला. "मॅडम, रोज मीच पुढे. मी डिप्लोमा केलाय. मला उचलू द्या ना."

"तू पुढे हो."

"पण का?"

'कळेल' हा शब्द माझ्या अगदी जिभेवर आला होता. गिळून टाकला. ठाऊक नसलेलं उत्तर ठाऊक असल्याचा आव मला आणता येईना. मी वाकले, एक हात बुडाखाली घातला, एक पोटाला, आणि माठ उचलला.

बाई, तो जड नव्हता. इतकी वर्षं मला वाटायचं की तो जड आहे. पण कवेत घेतला आणि जग संपलं. हनुवटीखाली त्याचा काठ, डोळ्यांपुढे त्याचं साल सुटलेलं पोट, नाकात खाडीचा वास. माझे पाय मला दिसेनात. पुढचा हातभरसुद्धा दिसेना. दिसत होते फक्त ते पापुद्रे, आणि वाटत होतं, श्वास जोरात सोडला तरी झडतील.

"सरळ या," अश्विनीचा आवाज आला. "अजून सरळ. आता उंबरा, उजव्या पायाशी." मी पाय उचलला, पलीकडे ठेवला. "हां. आता पहिली पायरी." मी उतरले. "दुसरी."

आणि बाहेर कोणीतरी उद्यासाठी स्पीकर लावून बघितला. धडाम करून आवाज झाला, खिडकीची काच वाजली. अश्विनी गप्प झाली. घाबरून तिकडे बघत असणार.

माझा एक पाय पायरीवर होता आणि दुसरा हवेत. तो कुठे ठेवू मला कळेना. पुढे काय आहे, किती खाली आहे, काही नाही. सगळं अंग त्या एका आवाजाची वाट बघत होतं. अशी आंधळी मी आयुष्यात कधी झाले नव्हते. तेव्हा मला डोंबिवलीच्या जिन्यात थिजलेले ते चौघे आठवले, आणि मग तुम्ही. दर वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनी, उपाशी पोटी, ह्या चार पायऱ्या तुम्ही अशाच उतरत होतात. तुम्हाला काही दिसत नव्हतं. तुम्हाला फक्त मी ऐकू येत होते.

शीतल पुढे नसेल तर माठ आज राहू दे.

"अश्विनी," मी म्हटलं, "बोल ना."

"सॉरी, सॉरी. तिसरी पायरी, मॅडम. मी समोरच आहे. आता शेवटची. सपाट. मधली गादी, अगदी पुढ्यात."

ठेवला. नीट ठेवला. माझ्या साडीवर थोडा पापुद्रा राहिला, तेवढ्यावरून तुम्ही मला दिवाळीपर्यंत ऐकवलं असतं. निलेशने तो कागदात गोळा केला, न सांगता. मी जमिनीवरच बसले आणि रडले, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा नीट रडले. बाकीच्यांना वाटलं, माठाला काही झालं. दोघं धावत तडे तपासायला गेली. तुमचीच शिकवण, आधी वस्तू बघायची, माणूस नंतर.

चेअरमनना संध्याकाळी फोन करून सांगितलं, माठ खाली आलाय, पुढची बॅचही मीच घेणार. ते म्हणाले, अरे वा, आणि व्हिडिओ? म्हटलं, एक आहे माझ्याकडे, पण त्यात नुसती पाठ आहे.

हंडी झाली. परवा माठ वर न्यायचा होता. मी बांगड्या काढत होते तेव्हा अश्विनी येऊन उभी राहिली, हाताची घडी घालून. मला वाटलं मी आरशात बघत्ये.

"आज मी उचलू?"

"नाही. तू पुढे."

"पण का, मॅडम? नेहमी मीच का?"

मी म्हटलं, "कारण माठ उचलला की मला काही दिसत नाही. तुझ्या आवाजावर मी डोळे मिटून पाऊल टाकू शकते. दुसऱ्या कोणाच्या आवाजावर नाही टाकणार."

तिने हाताची घडी सोडली. दाराशी गेली, वाटेतलं स्टूल सारलं आणि माझ्याकडे तोंड करून उभी राहिली.

बघा बाई, एवढंच तर तुम्ही बोलायचं होतं.